छताला बाक का दिलास?

वाचक विद्यार्थिनीचे पत्र:

आदरणीय मॅडम, मी पलूस तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावातील असून सध्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. माझे वडील गवंडीकाम करतात. या सत्रात आम्हाला नदीकाठच्या गावासाठी वाचनालयाचे डिझाईन करायचे होते. मी मोबाइलवर पाहिलेल्या एका परदेशी इमारतीसारखे लाटेच्या आकाराचे छत केले. तीन रात्री जागले आणि मॉडेलवर दोन हजार रुपये खर्च झाले. ज्युरीला, म्हणजे आमच्या कामाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या आर्किटेक्टनी एकच प्रश्न विचारला, ‘छताला बाक का दिलास?’ मला उत्तर देता आले नाही. त्यांनी माझ्या शीटवर लाल पेनने आडवी रेघ मारली आणि ते पुढे गेले. माझ्या वर्गातील काही जण सिंगापूर, दुबई पाहून आले आहेत, त्यांच्या घरी मोठमोठी पुस्तके आहेत. मी सांगली, कोल्हापूर आणि एकदा पुणे, एवढेच पाहिले आहे. मी प्रेरणा कोठून आणू? वडिलांना मी सगळे ठीक चालले आहे असे सांगते आणि वर्गात ‘वडील कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत’ एवढेच सांगते. कोर्स सोडावा असे वारंवार मनात येते. मी काय करावे?

— एक विद्यार्थिनी


चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना मला तुझ्या शीटवरच्या त्या लाल रेघेचेच वाईट वाटत राहिले. विद्यार्थ्याच्या शीटवर कोणी थेट पेन चालवू नये, काही सुचवायचेच असेल तर वर बटर पेपर (खालचे दिसणारा पातळ कागद) ठेवून त्यावर रेखाटावे, हा नियम मी ज्युरीला बसू लागल्यापासून पाळत आले आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र जाणवले की रेघ मारणे चुकीचे असले तरी प्रश्न अगदी नेमका होता, आणि पाच वर्षांच्या या शिक्षणात तुला याहून उपयोगी प्रश्न क्वचितच कोणी विचारेल. म्हणून रेघ विसरून जा आणि प्रश्न जपून ठेव. आजचे माझे सगळे उत्तर त्या एका प्रश्नाभोवतीच आहे.

तू मोबाइलवर जे छत पाहिलेस, ते ज्या जागी उभे आहे तेथे त्याला काही कारणे असतील. तिकडचा वारा वेगळा असेल, आत एकही खांब नको असलेले मोठे दालन असेल, पोलाद हवे तसे वाकवून देणारा कारखाना जवळ असेल आणि ते छत दरवर्षी साफ करून घेण्याइतका पैसा असेल. यांपैकी एकही गोष्ट फोटोत उमटत नाही. फोटोत फक्त आकार येतो, आणि तू नेमका तेवढाच उचलून पलूस तालुक्यात आणलास. आता त्या लाटेच्या खोलगट भागाचा विचार कर. जुलैच्या झडीत तेथे पाणी तुंबेल, शेजारच्या झाडाची पाने त्यात कुजतील, सांध्यातून पाणी झिरपू लागेल आणि बरोबर त्याखाली पुस्तकांची कपाटे असतील. तुझ्या वडिलांना ते चित्र दाखवले असतेस, तर ‘इथे पाणी गळणार’ असे त्यांनी पहिल्याच नजरेत सांगितले असते. वडिलांच्या विषयाकडे मी थोड्या वेळाने येतेच.

आधी तुला एका भिंतीविषयी सांगायचे आहे. वाईला कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. समोरून येणाऱ्याचे लक्ष त्या भव्य मूर्तीकडे जाते आणि बहुतेक लोक दर्शन घेऊन तेथूनच परत फिरतात. तू मात्र देवळाच्या मागे जा. मागची बाजू इतर देवळांसारखी सपाट भिंतीने संपत नाही. ती माशाच्या अंगासारखी निमुळती होत टोकाला जाते, कारण नदीला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी वाहून जावा, अशी ती योजना आहे. होडीची नाळ पाणी कापते किंवा दगडी पुलाच्या खांबाला प्रवाहाच्या बाजूने टोक काढलेले असते, त्याच जातीचा हा विचार आहे. त्या भिंतीलाही बाकच आहे. पण तो का दिला असे कोणी विचारले असते, तर बांधणाऱ्याला नदीकडे नुसते बोट दाखवून उत्तर देता आले असते.

मी विद्यार्थिनी असताना त्या देवळात अनेकदा गेले होते आणि मागे एकदाही गेले नव्हते. नोकरीला लागल्यावर एका वयस्क पाथरवटाने मला हाताला धरून मागे नेले आणि दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवायला लावले. दगड इतके घट्ट बसवलेले होते की सांध्यात नखसुद्धा शिरत नव्हते. प्रेरणा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. सुंदर काही दिसले आणि मन भरून आले, एवढ्यालाच आपण प्रेरणा म्हणतो. माझ्या मते एखादी गोष्ट अशी का केली आहे हे कळते आणि त्या कळण्यातून आपल्याला आपल्या कामात काहीतरी ठरवता येते, तेव्हा प्रेरणा मिळाली असे म्हणावे. त्यासाठी सिंगापूरला जाण्याची गरज पडत नाही. सिंगापूरला जाऊन आलेल्यालाही तेथील इमारतींचे ‘का’ विचारता आले नसेल, तर त्याच्याजवळ तुझ्यासारखेच फोटो आहेत, फक्त ते त्याने स्वतः काढलेले आहेत.

वाईची तीच कृष्णा पुढे कऱ्हाडला कोयनेचे पाणी घेऊन तुझ्या गावाला येते, म्हणजे तुझ्यापाशी पोचेपर्यंत ती कितीतरी मोठी झालेली असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तू शाळेत असशील. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे सांगलीत कोणाला सांगावे लागत नाही. तू पत्रात त्या पुराचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाहीस, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. नदीकाठच्या गावासाठी वाचनालय करायचे आहे, करणारी मुलगी त्याच नदीच्या काठावर वाढलेली आहे, आणि तिच्या डिझाईनमध्ये पूर कोठेच नाही! तुझ्या वर्गातील ज्या मुलांचा तुला हेवा वाटतो, त्यांच्यापैकी कितीजणांनी घरातले धान्य माळ्यावर चढवले आहे? पाणी ओसरल्यावर पायाखाली गाळ किती निसरडा लागतो, हे कितीजणांना माहीत आहे?

माझे ऑफिस त्या वेळी तळमजल्यावर होते. पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडले, तेव्हा भुशाच्या दाबीव फळ्यांची टेबले भिजलेल्या पावासारखी फुगून फुटलेली होती, आणि त्यांच्या शेजारी माझ्या सासऱ्यांचे जुने सागवानी स्टूल गाळाने माखलेले पण जसेच्या तसे उभे होते. नकाशांच्या कपाटाचे खालचे खण लाकूड फुगल्यामुळे उघडेचनात. ते फोडून काढले, तर आतल्या ट्रेसिंगच्या शीटा एकमेकींना चिकटून त्यांची विटेसारखी घट्ट लादी झालेली होती. सर्वांत वरच्या दोन खणांतली कामे वाचली. विजेचे सगळे बोर्ड पाण्याखाली गेले होते. दरवाजाची चौकट इतकी फुगली की पुढचे दोन महिने दार बंद होत नव्हते. त्यानंतर नदीकाठच्या कोणत्याही कामात मी विजेचे बोर्ड कोठे घ्यायचे, खालच्या चार-पाच फुटांत कोणते साहित्य अजिबात वापरायचे नाही, आणि कोणती वस्तू किती माणसांनी किती वेळात वर नेता येईल, हे प्लॅन काढायच्या आधी लिहून काढते. शिकताना हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि तू मात्र ते लहानपणीच पाहिले आहेस.

म्हणून तुला पहिले काम सांगते. या सुट्टीत घरी गेलीस की घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ शोध. रंगकाम झाले असेल तर आईला विचार, ती बोट ठेवून दाखवेल. जमिनीपासून त्या रेघेची उंची मोज. मग कोणती भिंत खचली आणि कोणती टिकली, मातीची कोणती, विटांची कोणती, गिलावा कोठे सुटला, दारे कोणत्या लाकडाची होती, आजी-आजोबांना कोठे बसवले होते, शाळेतल्या पुस्तकांचे काय झाले, हे सगळे विचारून घे आणि घराचा सेक्शन काढून त्यावर नोंदव. सेक्शन म्हणते आहे, म्हणजे घर उभे कापले तर दिसेल ते चित्र, वरून दिसणारा प्लॅन नव्हे. पूर प्लॅनमध्ये दिसत नाही. हा सेक्शन समोर ठेवून वाचनालयाचा पुन्हा विचार केलास, तर पुस्तके कोणत्या पातळीवर असावीत, खालचा भाग मोकळा सोडून तेथे ओटा करावा का, जिना दोन माणसांना पेटी धरून चढता येईल इतका रुंद हवा का, पुराच्या दिवसांत गावाने त्याच वास्तूत आसरा घ्यावा का, असे प्रश्न आपोआप उभे राहतील. उत्तरे मी देणार नाही, ती तुझी तू शोध. कदाचित शेवटी तुझे छत साधे उतरते पत्र्याचेच होईल, पण त्याचा उतार किती अंशांचा आणि तो का, हे तुला सांगता येईल.

आता वडिलांविषयी. ‘कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत’ हे तुझे उत्तर वाचून मी तुला रागावणार नाही. विशीच्या आतबाहेरच्या वयात, इस्त्रीच्या कपड्यांतल्या मुलामुलींमध्ये बसून असे उत्तर तोंडून निघून जाते, हे मी समजू शकते. पण या बाबतीत तुझे मोठे नुकसान होत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. जमिनीवर काटकोन आखताना तुझे वडील दोरीने एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतात आणि तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले की पुढे जातात. तू शाळेत जो पायथागोरसचा सिद्धांत पाठ केलास, तोच ते रोज सकाळी चुनखडीने जमिनीवर लिहितात. ओळंब्याने ते भिंतीचा उभेपणा पाहतात, पाण्याच्या पारदर्शक नळीने खोलीच्या चारही कोपऱ्यांत एकच पातळी नेतात, आणि ‘हा माल एकास सहा नको, इथे एकास चार घ्या’ असे सिमेंट-वाळूचे प्रमाण जेव्हा सांगतात, तेव्हा त्यामागे पंचवीस-तीस वर्षांचे पाहणे असते. तुझ्या वर्गातल्या मुलांना हे शिकण्यासाठी साईट व्हिजिटची वाट पाहावी लागते. तुझ्याकडे ते रात्री जेवायला घरी येते.

हाताने काम करणाऱ्यांच्या घरातून आलेली तू काही पहिली नाहीस. स्वित्झर्लंडचे पीटर झुम्थोर यांचे वडील फर्निचर बनवणारे कारागीर होते आणि मुलगा आधी त्याच कामात तयार झाला. बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या एकत्र कुटुंबात जन्मले आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पण मला तुझ्यासमोर ठेवायचे आहे ते फ्रान्सिस केरे यांचे उदाहरण. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांदो नावाचे खेडे आहे, तेथे त्यांचा जन्म झाला. सुतारकामाच्या प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती मिळून ते जर्मनीला गेले आणि पुढे बर्लिनमध्ये आर्किटेक्चर शिकू लागले. शिक्षण चालू असतानाच त्यांनी मित्रांकडून पैसे गोळा केले आणि २००१ मध्ये आपल्याच गावात प्राथमिक शाळा बांधून पूर्ण केली.

ती शाळा तू नीट समजून घ्यावीस असे मला वाटते, कारण तिचा संबंध थेट आपल्या पत्र्याच्या घरांशी आहे. गावाला मातीची शाळा नको होती. माती पावसात वाहून जाते हा त्यांचा रोजचा अनुभव होता आणि शहरासारखे काँक्रीट त्यांना हवे होते. केरे यांनी मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा केल्या आणि भिंतींवर पावसाचा मारा होऊ नये म्हणून छत चांगले बाहेर काढले. छत पत्र्याचेच ठेवले. मात्र तो पत्रा त्यांनी वर्गाच्या डोक्यावर थेट टाकला नाही. वर्गावर विटांचे छिद्रे असलेले सपाट छत केले आणि पत्रा त्याच्या वर, लोखंडी कैच्यांवर उचलून धरला. वर्गातली गरम हवा छिद्रांतून वर जाते, पत्रा आणि विटा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि ती हवा घेऊन जातो. पत्रा तापतो, पण त्याची धग मुलांच्या डोक्यावर उतरत नाही. वीज लागत नाही, पंखा लागत नाही. बांधकामाला गावातलीच माणसे होती. २०२२ मध्ये केरे यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. एप्रिलमध्ये आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी जी धग बसते, ती तू अंगावर सोसलेली आहेस. त्या माणसानेही असल्याच वर्गात बसून ती सोसली होती, आणि त्याचे छत त्या सोसण्यातून आले आहे.

लॉरी बेकर यांचे नाव तुझ्या शिक्षकांनी घेतले असेलच. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेला हा माणूस आयुष्याचा मोठा भाग केरळमध्ये राहिला आणि साईटवर गवंड्यांच्या शेजारी उभे राहून काम करीत आला. त्यांनी रुजवलेल्या रॅट ट्रॅप बाँडमध्ये विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात आणि त्या पोकळीमुळे बाहेरची उष्णता आत कमी येते. पुस्तकातल्या आकृतीवरून ही मांडणी पटकन डोक्यात बसत नाही, म्हणून असे कर. अंगणात पडलेल्या विटा घे, वडिलांना आकृती दाखव, आणि दोघे मिळून माल न घालता चार थर रचून पाहा. कोपरा कसा वळवायचा, खिडकीच्या कडेला काय करायचे, हे प्रश्न ते तुला विचारतील. तुला उत्तर आले नाही तर ते स्वतःच शोधतील. त्या एका संध्याकाळी तू जे शिकशील, ते मी कितीही लिहिले तरी देता येणार नाही.

येथे एक सावधगिरीचे सांगणे आवश्यक आहे. माझे एवढे लिहिणे वाचून तू पुढच्या शीटवर कमानी, कोनाडे आणि दिंडी दरवाजा काढून आणशील, अशी मला थोडी धास्ती वाटते. जुन्या वाड्याचा दर्शनी भाग नव्या इमारतीला चिकटवणे आणि परदेशी लाट पलूसमध्ये आणणे ही एकच चूक आहे. वाड्यांविषयी आपण फार हळवे होतो. मी पुष्कळ वाडे मोजले आहेत. त्यांचे चौक उन्हाळ्यात खरोखर गार असतात, आणि जाड भिंती दिवसभराची उष्णता अडवून धरतात. पण त्याच वाड्यांतली स्वयंपाकघरे अंधारी आणि धुराने काळवंडलेली असत, बायकांचा सगळा दिवस तेथे जाई, आणि गावातल्या कितीतरी माणसांना देवडीच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. वाचनालय ही सर्वांनी आत येण्याची जागा आहे. तिला वाड्याचा बंद दरवाजा शोभेल का, याचाही विचार तुला करावा लागेल.

जुन्यातून काय घ्यावे याचे मला आवडणारे उदाहरण म्हणजे चार्ल्स कोरिया यांनी साबरमती आश्रमात १९६३ मध्ये पूर्ण केलेले गांधी स्मारक संग्रहालय. तेथे एकही जुना अलंकार उचललेला नाही. ६ मीटर बाय ६ मीटरचे साधे चौकोन, विटांचे खांब, वर कौले, काचेऐवजी उघडझाप करता येणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या, आणि काही चौकोन भिंतींनी बंद तर काही मोकळे, मध्ये पाण्याचे कुंड. आपल्याकडे घर किती खणांचे, म्हणजे खांबांमधल्या किती गाळ्यांचे, असे विचारतात आणि गरजेप्रमाणे खण वाढवत नेतात. तोच हिशेब येथे दिसतो. आश्रमातल्या झोपड्यांचा साधेपणा कोरियांनी घेतला, झोपड्यांची नक्कल केली नाही.

पाहायला कोठे जावे असे तू विचारले नाहीस, तरी सांगते, कारण सगळे तुझ्या आवाक्यात आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ म्हणजे १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहीर अष्टकोनी आहे, तिच्याकडे उतरत जाणारा पायऱ्यांचा मार्ग आहे आणि त्या मार्गावर चक्क एक छोटा महाल आहे, कोरीव खांबांचा. प्लॅन काढलास तर शिवपिंडीसारखा आकार मिळेल आणि तू खूश होशील. पण तेवढ्यावर थांबू नकोस. सेक्शन काढ, म्हणजे बैल वर, माणसे मधे आणि पाणी खाली, आणि या तिघांची कामे एकमेकांच्या आड कशी येत नाहीत, हे दिसेल. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारे, तर सांगलीला लागूनच आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे, आणि तोंड बंद केले की आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. उघडल्यावर काही वेळ गेल्याशिवाय कोणी आत उतरत नाही. एक भिंतही न बांधता, नुसत्या मातीचे गुण ओळखून केलेली ही साठवण आहे. २००५ च्या महापुरात त्यांपैकी बरीच पेवे निकामी झाली, हेही लक्षात ठेव, कारण चांगली योजनाही कोठे हरते ते पाहणे तितकेच आवश्यक असते. तुझ्या घरापासून किर्लोस्करवाडी किती जवळ आहे! १९१० मध्ये माळरानावर कारखाना आणि त्यासोबत राहण्याची वसाहत कशी उभी राहिली, हे पाहायला एक दुपार पुरेल.

एक वही कर. पाठकोरे कागद शिवलेली असली तरी चालेल. रोज एकच गोष्ट मोजायची आणि काढायची. एसटी स्टँडवरचे बाकडे, देवळाची पायरी, चुलीची उंची, खिडकीची कड, काहीही. आकड्यांच्या शेजारी एक वाक्य लिहायचे, त्या मापाने माणसाचे काय होते ते. दगडी पायरी ९ इंचांची असेल तर आजी प्रत्येक पायरीला गुडघ्यावर हात ठेवते, ६ इंचांची असेल तर बोलत बोलत चढते, असे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हे वर्षभर नेटाने केले, त्यांना ‘कॉन्सेप्ट काय?’ या प्रश्नाची भीती राहिली नाही.

रात्रीच्या जागरणांबद्दल थोडक्यात सांगते. जागरण हे मेहनतीचे लक्षण मानण्याची आपल्या स्टुडिओंत जी रीत पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. पहाटे तीन वाजता कटरने माऊंट बोर्ड कापताना बोटे कापलेली मुले मी दवाखान्यात नेली आहेत. ज्युरीच्या तीन दिवस आधी डिझाईन बदलणे थांबव, मग कितीही नवीन सुचले तरी ते वहीत लिहून पुढच्या कामासाठी ठेव, आणि शेवटची रात्र झोप. झोप झालेल्या मुलीला प्रश्नाचे उत्तर सुचते. मॉडेलवर दोन हजार रुपये घालण्याचे कारण नाही. जुन्या लग्नपत्रिका, शर्टांच्या खोक्यांचे पुठ्ठे, वाळलेले गवत यांतून अभ्यासाची उत्तम मॉडेले होतात, आणि स्वस्त असल्यामुळे ती मोडून पुन्हा करायला हात कचरत नाही. कोणी शिक्षक महागड्या साहित्यासाठीच गुण देत असतील, तर त्यांच्याशी शांतपणे बोल, पण घरून जास्त पैसे मागू नकोस. इंग्रजीचा उल्लेख तू केला नाहीस, तरी असे गप्प राहण्यामागे पुष्कळदा तेही एक कारण असते, असा माझा अनुभव आहे. तसे असेल तर चित्रावर बोट ठेव आणि मराठीत सांग. ज्युरीतले बहुतेक लोक मराठीच असतात.

कोर्स सोडण्याविषयी. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि त्या नोंदणीमागे ही पाच वर्षे असतात. ती लांब आहेत, खर्चाची आहेत, आणि प्रत्येकाने ती पूर्ण केलीच पाहिजेत असे मी म्हणणार नाही. पण एका ज्युरीवरून हा निर्णय घेऊ नकोस. आधी घराचे मोजमाप कर. पंधरा दिवस मोजून, विचारून, काढूनही तुला त्यात काहीच गोडी वाटली नाही, आजीच्या पायरीचे आणि पाण्याच्या रेघेचे तुला कुतूहल वाटले नाही, तर सत्र संपल्यावर वडिलांशी मोकळेपणाने बोल आणि दुसरी वाट धर, त्यात कमीपणा नाही. गोडी वाटली तर चौथ्या-पाचव्या वर्षातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणापर्यंत तरी थांब. एखाद्या लहान ऑफिसात साईटवर उभी राहिलीस की तुझी खरी जागा तुला कळेल, आणि तेथे तुझ्या घरचे शिक्षण पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल.

वाईला जायचे तर पावसाळ्यानंतर जा, घाटाच्या खालच्या पायऱ्या तेव्हा उघड्या असतात. सांगलीहून साताऱ्याला आणि तेथून वाईला एसटी मिळते, सकाळी लवकर निघालीस तर मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडाही त्याच दिवशी होईल. ३० मीटरची कापडी टेप घे, ५ मीटरची पोलादी टेप देवळाच्या मागच्या भिंतीला पुरणार नाही. आणि वडिलांना एका दिवसाची रजा काढायला लावून बरोबर ने. बाक असलेली भिंत एकट्याने मोजता येत नाही, टेपचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागते.